चार पुडांचा डबा

आमच्या घरी चार पुडांचा एक पितळी डबा आहे. तो सासूबाईंच्या माहेराहून आलेला. तेव्हा त्याचे वय विचारण्यात अर्थ नाही. मूळची पुडे आता दोनच उरली आहेत. एक कुणीतरी प्रवासात हरवले, त्याच्या जागी जत्रेतून दुसरे आणले. एकाचा तळ झिजला, तेव्हा तांबटाने त्याच मापाचे नवे करून दिले. कडी तर दोनदा बदलली. एवढे सगळे होऊनही डबा तोच. खाली वरण, मध्ये भाजी, वर पोळ्या. पुडे एकावर एक रचावीत, कडी खटकन लावावी आणि चालू लागावे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही बायकांनी ही करामत हाताळली. पण तिला काही नाव असेल आणि त्या नावावरून जगात मोठमोठे वाद होत असतील, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

ते मला सांगितले माझ्या भाच्याने. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे आणि इस्पितळांच्या कामकाजाची सॉफ्टवेअरे तयार करतो. गेल्या वर्षी चार दिवस राहायला आला होता. डबा घासून मी उन्हात ठेवला होता, तो बराच वेळ पाहून म्हणाला, "मावशी, आमच्याकडे माणसे वर्षानुवर्षे भांडतात ना, ती याच्यावरून."

"डब्यावरून?"

"हो गं. सगळ्यांसाठी एकच मोठे पातेले चढवायचे, की पुडांचा डबा करायचा, एवढाच तो वाद. पुडाला आम्ही मॉड्यूल म्हणतो. आणि पुडाचे माप सगळ्यांना ठाऊक असेल, कुणाही तांबटाला ते करता येईल, तर त्याला म्हणायचे ओपन."

मी मॅट्रिकपुढे शिकलेली नाही. दिवसा बालवाडीत मुले सांभाळते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या पोटात काय असते ते मला सांगता येणार नाही. पण पातेले आणि डबा म्हटल्यावर माझे कान टवकारले. मग त्याला मी चार दिवस प्रश्न विचारून भंडावले. तो गेल्यावर स्वतः शोधून शोधून वाचले. वाचता वाचता लक्षात आले, की हा वाद इंजिनिअरांचा आहे खरा, पण त्यात पणाला लागलेले असते ते आपल्यासारख्यांच्या पोराबाळांचे आयुष्य.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांचे टेबल तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का? एक वही रोजच्या रुग्णांची, एक गरोदर बायांची, एक लसीकरणाची, एक क्षयरोग्यांची, एक औषधांच्या साठ्याची. लशी ठेवायच्या त्या पेटीचे तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये आहे ना, ते दिवसातून दोनदा पाहून लिहायचे, त्याचा कागद आणखी निराळा. प्रत्येक वही वरच्या कुणाला तरी हवी असते. तेच नाव, तेच वय, तेच गाव पाच ठिकाणी लिहावे लागते. आता वह्यांच्या जागी संगणक येऊ लागले आहेत. ते यावेतच. प्रश्न एवढाच, की पाच वह्यांचा मिळून जो नवा प्रपंच मांडायचा, तो कसा मांडायचा?

इंग्लंडने २००२ साली पातेले चढवले. तिथली सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासूनची, मोठ्या नावलौकिकाची. सगळ्या इस्पितळांतील सगळ्या रुग्णांच्या नोंदी एका पद्धतीने संगणकावर आणायच्या, असे ठरले. देशाचे पाच विभाग पाडले, बड्या कंपन्यांना विभागवार ठेके दिले, आणि विभागासाठी जे सॉफ्टवेअर वरून ठरेल ते तिथल्या इस्पितळांनी वापरायचे, असा बेत केला. प्रत्येक इस्पितळाची कामाची रीत वेगळी, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या. पण पातेल्यात शिजणार ते एकच. वर्षे लांबत गेली. २००६ साली एक कंपनी काम सोडून गेली, २००८ साली दुसरीशी केलेला करार मोडला. २०११च्या मे महिन्यात तिथल्या हिशेबतपासनिसांनी सांगितले, की या योजनेचा एकूण खर्च ११.४ अब्ज पौंडांवर जाईल, पैकी ६.४ अब्ज खर्च होऊन गेलेले आहेत, आणि रुग्णांच्या सविस्तर नोंदींचे जे मुख्य काम, त्यात पैशाच्या मानाने पदरात फारसे पडलेले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने ही योजना मोडीत काढत असल्याचे जाहीर केले.

पण मला त्यातली खरी शिकवण निराळीच वाटते. सगळेच काही वाया गेले नाही. एक्स-रेची चित्रे साठवून पडद्यावर दाखवण्याची सोय टिकली. रुग्णाची ओळख पटवणारा आणि निरोप इकडून तिकडे नेणारा जो मधला दुवा होता, त्याचे नाव त्यांनी 'स्पाइन', म्हणजे पाठीचा कणा, असे ठेवले होते, तोही टिकला. २०१४ साली तो खुल्या घडणीची साधने घेऊन नव्याने बांधला, तरी वरची कामे चालूच राहिली. म्हणजे पातेले उतरवावे लागले. पण ज्यांचे काम नेमके होते आणि ज्यांचा जोड स्पष्ट होता, ती एक-दोन पुडे शाबूत राहिली.

पातेले चढवणाऱ्यांना मी हसणार नाही. मी कादंबरी लिहिते, त्यामुळे त्यांचा मोह मला आतून कळतो. कादंबरी हे पातेलेच असते. सातव्या प्रकरणात म्हातारी मेली, तर दुसऱ्या प्रकरणातला तिचा खोकला मलाच जुळवावा लागतो. सगळे धागे एका हातात असावेत, कुणी मध्ये बोट घालू नये, असे वाटतेच. आणि कादंबरीत ते योग्यही आहे. पण कादंबरी एकदा छापली की तिला बदलावे लागत नाही. रोगराईचे तसे नाही. ती दरवर्षी नवे प्रकरण लिहिते, आणि तेही आपल्याला न विचारता. नवी लस येते, नवा आजार येतो, सरकारचे धोरण बदलते, तालुका फुटून दोन तालुके होतात. ज्या व्यवस्थेत एक ओळ बदलायला सगळा ग्रंथ पुन्हा छापावा लागतो, ती अशा जगात टिकायची कशी?

याची दुसरी रीत जिथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अंगी मुरली, तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. तिथे १९९४ साली वर्णद्वेषी राजवट संपली आणि नव्या सरकारच्या हाती आरोग्याची चौदा निरनिराळी खाती आली! गोऱ्यांचे वेगळे, काळ्यांच्या तथाकथित स्वतंत्र प्रदेशांचे आणखी वेगळे. प्रत्येकाचे तक्ते वेगळे, शब्द वेगळे. केप टाऊनच्या परिसरातील तीन जिल्ह्यांत काही स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी मिळून काम सुरू केले. आधी संगणक आणून ठेवला नाही, ही त्यांची शहाणीव. आधी परिचारिकांना विचारले, तुम्ही लिहिता यातले तुमच्या कामाला काय येते? पुष्कळसे कशालाच येत नव्हते. तक्ते वर जात आणि तिथेच राहत.

मग त्यांनी एक नियम बसवला. तो मला फार आवडतो, कारण तो एकत्र कुटुंबातील जाणत्या बाईने घालून द्यावा तसा आहे. प्रत्येक दवाखान्याने, प्रत्येक जिल्ह्याने, प्रत्येक प्रांताने आपल्याला हव्या त्या नोंदी खुशाल ठेवाव्यात. फक्त वरच्याने सगळ्यांसाठी म्हणून ठरवलेली जी थोडकी यादी आहे, ती प्रत्येकाने द्यायचीच, आणि ठरलेल्या शब्दांतच द्यायची. घरात ज्याने त्याने आपल्या खोलीत काय हवे ते करावे. देवघराच्या वेळा मात्र सगळ्यांच्या एक.

या नियमाभोवती त्यांनी सॉफ्टवेअर तयार केले आणि त्याची घडण खुली ठेवली. कुणीही घ्यावे, बदलावे, वापरावे, दाम नाही. त्याची नवी आवृत्ती, डीएचआयएस-२, २००६ साली प्रथम कुठे वापरात आली, माहीत आहे? आपल्या केरळात. २०११ साली केनियाने आपल्या सगळ्या जिल्ह्यांचे आकडे त्यावर आणले. आज सत्तराहून अधिक देशांत ते चालते. देश निराळे, भाषा निराळ्या, आजार निराळे. पण पुडाचे माप एक.

माप एक असल्याचा फायदा किती, ते २०२०च्या जानेवारीत दिसले. कोरोनाची बातमी नुकती कुठे कानावर येत होती. श्रीलंकेच्या मंडळींनी विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची नोंद ठेवायची आणि त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायचे, असे एक नवे पुड काही दिवसांत करून आपल्या जुन्या डब्यावर बसवले. सगळा डबा नव्याने ओतावा लागला असता, तर साथ येऊन गेली असती आणि ओतकाम चालूच राहिले असते. त्या पुडाचे माप जगजाहीर असल्यामुळे इतर अनेक देशांनी ते उचलले. आणि गंमत अशी, की ज्या नॉर्वेतून हे सॉफ्टवेअर जगभर गेले, त्या नॉर्वेतल्या नगरपालिकांनीही रुग्णांच्या संपर्कातील माणसे शोधायला याच सॉफ्टवेअरचा आधार घेतला. माहेरची वस्तू सासरी जाते, आणि कधीकधी सासरची रीत माहेरच्यांच्या उपयोगी पडते, तसे झाले.

आता आपल्या आणखी जवळ येऊ. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारी नावाचे गाव आहे. दिल्लीच्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी तिथे 'जन स्वास्थ्य सहयोग' ही संस्था उभारून आदिवासी आणि गरीब रुग्णांसाठी इस्पितळ चालवले. तिथल्या गर्दीला पुरे पडेल असे सॉफ्टवेअर हवे होते. २०१२-१३च्या सुमारास थॉटवर्क्स या कंपनीच्या लोकांनी ते जुळवले. 'जुळवले' हाच शब्द योग्य, कारण त्यांनी सगळे नव्याने रचलेच नाही. रुग्णाच्या वैद्यकीय नोंदींसाठी 'ओपनएमआरएस' घेतले. त्याची कल्पना २००४ साली केनियातल्या एल्डोरेट गावी एच.आय.व्ही.च्या रुग्णांच्या निकडीतून रुजलेली. रक्त-लघवीच्या तपासण्यांसाठी 'ओपनएलिस' घेतले. ते अमेरिकेतील सार्वजनिक प्रयोगशाळांच्या कामातून आलेले. बिले आणि औषधांचा साठा यांसाठी बेल्जियममध्ये जन्मलेले, दुकानदारीला उपयोगी पडणारे एक सॉफ्टवेअर घेतले. तीन खंडांतली तीन पुडे. वरून डॉक्टरला सोपा वाटेल असा पडदा, आणि सगळ्याला एक कडी. त्या डब्याचे नाव 'बाह्मनी'. तो पुढे नेपाळच्या डोंगराळ भागातल्या इस्पितळातही पोचला. गनियारीच्या इस्पितळाला कुठल्या बड्या कंपनीचे सगळेच्या सगळे सॉफ्टवेअर विकत घेणे परवडले असते का? आणि घेतले असते, तर त्यात गनियारीच्या रुग्णांसाठी एक रकाना वाढवून घ्यायला किती हेलपाटे पडले असते?

इथवरचे बरेचसे वाचीव. पण या गोष्टीची निकड मला कळली होती ती वाचण्याच्या आधीच, २०२२च्या हिवाळ्यात.

आमचे गाव ऊसपट्ट्यातले. दिवाळी उरकली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या वाटेवर कोप्या उभ्या राहतात. पहाटे नवराबायको कोयता घेऊन फडात जातात, आणि लहान भावंडांना कडेवर घेऊन मोठी पोर आमच्या बालवाडीच्या दारात येऊन उभी राहते. त्या साली अशीच एक सहा-सात वर्षांची मुलगी आली, कडेवर वीस महिन्यांचा भाऊ. त्याच दिवसांत मुंबई, मालेगाव, भिवंडी इकडे गोवराची साथ आली होती आणि वर्तमानपत्रांत मुले दगावल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या केंद्राच्या सिस्टर कोप्यांतून हिंडून लहान मुलांची कार्डे पाहत होत्या. या पोराचे कार्ड नव्हते. अवकाळी पावसात कोपी गळली आणि गाठोड्यातला सगळा कागद लगदा झाला.

"टोचलंय की त्याला," आई म्हणाली. "ह्यो बघा, दंडावर वण हाय."

"तो बीसीजीचा गं, जन्मल्यावर देतात तो," सिस्टर म्हणाल्या. "गोवराची नवव्या महिन्यानंतर देतात. ती दिली होती का?"

आईला ते सांगता येईना. पण पुन्हा टोचून घ्यायला ती तयार नव्हती. लस टोचली की पोराला ताप येणार, ताप आला की तिचा खाडा होणार, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार. तिचा हिशेब चूक नव्हता. सिस्टरांनी फोन काढून पाहिला. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या भागातली मुले होती, त्या आईच्या गावची नव्हती. त्या गावच्या नोंदी आहेत कुठे, हे त्या फोनला ठाऊकच नव्हते.

शेवटी मुकादमाकडून त्यांच्या गावच्या आशाताईंचा नंबर मिळवला. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पण सिस्टरांनी आईचे नाव, पोराचा जन्ममहिना आणि लशीचे नाव सांगितले, आणि पाऊण तासात वहीच्या पानाचा फोटो आला. त्या ओळीत सुरुवातीचे सगळे रकाने भरलेले होते. नवव्या महिन्याचा तेवढा रिकामा. नववा महिना लागला तो जानेवारीत, आणि त्या जानेवारीत ते कुटुंब कर्नाटकातल्या कुठल्याशा कारखान्यावर तोडीला होते. इथल्या वहीला वाटले पोर तिथे आहे, आणि तिथल्या वहीला ते पोर ठाऊकच नव्हते. आईने तो रिकामा रकाना स्वतः पाहिला. तिला वाचता येत नव्हते. पण भरलेला चौकोन आणि रिकामा चौकोन यांतला फरक कुणालाही कळतो. काही न बोलता तिने पोराची बाही वर केली.

पुढे भाच्याने डब्याची गोष्ट सांगितली, तेव्हा मला या दोन बायका आठवल्या. त्या दिवशी कडी त्या झाल्या होत्या. एकीने ठरलेल्या शब्दांत विचारले, दुसरीने ठरलेल्या शब्दांत उत्तर दिले. दोघींच्या वह्यांत लशीचे नाव एकच होते, म्हणून ते जमले. यंत्राकडून आपण यापेक्षा जास्त मागत नाही. पण यापेक्षा कमीही चालणार नाही.

या ठरलेल्या शब्दांवरही जगात बरेच काम झाले आहे. २०११ पासून 'फायर' नावाचा एक करार घडत आला आहे. दिवाळीच्या अंकात हे नाव वाचून दचकू नका. त्याचा आगीशी संबंध नाही. रुग्ण म्हणजे कोणते रकाने, लस दिली म्हणजे काय काय लिहायचे, तपासणीचा निकाल कसा मांडायचा, याची ती सर्वांसाठी खुली असलेली वाक्यरचना आहे. दोन सॉफ्टवेअरे दोन कंपन्यांनी केलेली असोत. या वाक्यरचनेत बोलली की एकमेकांना कळतात. आपल्या सरकारने २०१९ साली आरोग्याच्या डिजिटल रचनेचा जो आराखडा काढला, त्यात एकच इमारत उभारण्याऐवजी सुट्या विटांची भाषा आहे. २०२१च्या सप्टेंबरात जी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' योजना देशभर सुरू झाली, तिने देवघेवीसाठी हीच वाक्यरचना घेतली. गरोदर बाया आणि मुले यांच्या लशींची नोंद देशात कुठेही दिसावी, यासाठी 'यू-विन'चा प्रयोग २०२३च्या जानेवारीत निवडक जिल्ह्यांतून सुरू झाला. ऊसतोडीच्या पोरांना यातून काय मिळते, ते मी आमच्या बालवाडीच्या दारातून पाहणार आहे.

मात्र डब्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. नुसती पुडे म्हणजे डबा नव्हे. युगांडात अनेक दानशूर संस्थांनी निरनिराळ्या गावांत फोनचे नि संगणकाचे इतके सुटे सुटे प्रयोग सुरू केले, की कशाचा कशाला मेळ राहिला नाही. २०१२च्या जानेवारीत तिथल्या आरोग्य खात्याने सांगितले, थांबा. आधी सगळ्यांचा मेळ बसवू, मग पुढे चला. पुडे पुष्कळ आणि कडी नाही, अशी गत झाली होती. पातेल्याचा धोका आहे तसाच हाही. शिवाय कडीची निगा राखायला माणूस लागतो, आणि त्याला पगार लागतो. सॉफ्टवेअर फुकट मिळाले, म्हणून ते फुकट सांभाळले जाईल, असे समजणारा माणूस विहीर सार्वजनिक आहे म्हणून तिचा गाळ आपोआप निघेल असेच समजत असला पाहिजे.

आणि 'खुले' या शब्दाने बिचकणाऱ्यांसाठी दोन शब्द. खुली असते ती घडण; रुग्णाचे गुपित नव्हे. अनारशाची कृती गावभर सांगावी, पण कुणाच्या घरी डब्यात किती अनारसे आहेत, ते कशाला सांगायचे? किंबहुना कुलूप कसे घडवले हे चार जाणकारांना तपासता आले, तर त्यातली खोट लवकर सापडते. कुणाला क्षय झाला, कुणाला दिवस गेले, हे त्या माणसाच्या संमतीशिवाय कुणाला कळता कामा नये. २०२३ साली आपल्याकडे माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला तो याच भावनेने. घडण उघडी आणि आतले झाकलेले, ही आपल्या डब्याचीच तर रीत आहे.

असे पुष्कळ हातांचे काम आपल्याला नवे आहे का? तुमच्या हातातला हा अंकच पाहा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण हा डबा रचत आलो आहोत. कुणी कथा देतो, कुणी कविता, कुणी व्यंगचित्र, कुणी राशिभविष्य. लेखक एकमेकांना भेटलेलेही नसतात. संपादक फक्त पाने ठरवून देतात, तारीख सांगतात, आणि बाकीचे ज्याच्या त्याच्या लेखणीवर सोडतात. एखाद्याचा लेख आलाच नाही, तर अंक थांबत नाही. त्या पानांवर दुसरे कुणी येते. संपादक बदलतात, मुद्रणाची रीत बदलते, आणि अंक पुढच्या दिवाळीला पुन्हा येतो. ज्या समाजाला शतकाहून अधिक काळ हे जमले, त्याला आरोग्याच्या नोंदींचे पुडे जुळवणे समजायला कठीण जाऊ नये.

मोठे काम एकाच मोठ्या माणसाच्या, एकाच मोठ्या कंपनीच्या हाती द्यावे, असे आपल्याला वाटते. कारण मग दोष कुणाला द्यायचा ते ठाऊक असते. जोड ठेवण्यात तेवढे समाधान नाही. जोड म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द असतो: तू कोण ते मला माहीत नाही, तू कधी येशील तेही माहीत नाही, पण तू आलास, तर तुझे पुड माझ्या पुडावर बसेल. हा शब्द ज्यांना सगळ्यांत जास्त लागतो, ती माणसे कुठल्याच एका वहीत मावत नाहीत. त्यांचा जन्म एका जिल्ह्यात, नववा महिना दुसऱ्या राज्यात आणि ताप तिसऱ्याच गावात. घर बांधून राहणाऱ्यांचे पातेल्यातही भागते. वाटेवरच्यांना डबाच लागतो.

भाऊबीज झाली, की आमच्या वाटेवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसू लागतील. सिस्टरांनी फोनचा चार्जर पिशवीत टाकला असेल, आणि कार्डांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्याही. अवकाळीचा भरवसा त्या धरत नाहीत. कोप्यांतून हिंडताना प्रत्येक आईला त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, "नववा महिना कुठं होतात गं?"